फलजच्या पाण्यात माझा पंचा

खरं तर हे प्रवासवर्णन फ्रान्सचं व्हायचं होतं.

आमच्या सईने फ्रान्समधलं एक छोटंसं खेडं शोधून काढलं होतं. सई म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. जन्म दुबईचा, वय एकोणीस, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून. त्या खेड्याच्या नावातली निम्मी अक्षरं उच्चारायचीच नसतात, असं तिने सांगितलं आणि तिथेच मला ते खेडं संशयास्पद वाटायला लागलं. जे लिहितात ते बोलत नाहीत, अशा माणसांकडे मुक्कामाला कसं जायचं?

पोरीने बारा पानांची फाइल केली होती. तीन शीर्षकं: भूगोल, इतिहास, वारसा. भूगोलात नदीचं वळण, चुनखडीची टेकडी, उतारावरचे द्राक्षमळे. इतिहासात टेकडीवरचा पहाऱ्याचा बुरूज. वारशात गावाची सामाईक भट्टी. पूर्वी तिथे प्रत्येक घराचा पाव भाजायचा वार ठरलेला असे म्हणे, आणि दुसऱ्याच्या वारी भट्टी पेटवली की भांडण पिढ्यान्‌पिढ्या चाले. हे वाचून मात्र मला त्या गावाबद्दल जरा आपुलकी वाटली.

पण व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेना. रोज सकाळी आम्ही तिघं तीन फोन घेऊन बसायचो. वेबसाइट उघडायची, एक तारीख हिरवी दिसायची आणि बोट पोचेपर्यंत राखाडी व्हायची. तीन आठवडे हा खेळ झाल्यावर बायको म्हणाली, "अहो, खलास. फ्रान्स राहू द्या. कुठलं तरी खेडं दाखवा म्हणजे झालं."

आणि नेमका त्याच दिवशी माजिदचा फोन आला.

इथे माझा धंदा सांगायला हवा. मी विम्याच्या दाव्यांचा सर्व्हेअर आहे, आणि त्यातही माझा विषय पाणी. दुबई मरीनातल्या चाळिसाव्या मजल्यावर कोणाचं छत गळलं, भिंत फुगली, लाकडी जमीन उखडली, की कंपनी मला पाठवते. पाणी खरोखर कुठून आलं हे मी शोधतो. लोक म्हणतात वरच्या फ्लॅटमधून आलं. शंभरातल्या नव्वद वेळा ते त्यांच्याच वॉशिंग मशीनमधून आलेलं असतं. पंचवीस वर्षं हे केल्यावर माणसाचा स्वभाव कसा होणार? वाढदिवसाला कोणी केक आणला तरी मी आधी खोक्याचा तळ बघतो.

माजिद हा असाच एक मरीनावाला. तरुण अमिराती, दिलदार, बोलका. त्याचा दावा मी दोन महिन्यांपूर्वी फेटाळला होता. कारण वॉशिंग मशीन. आणि आता तोच फोनवर म्हणत होता, "सर, फुजैराच्या डोंगरात माझ्या वडिलांचं घर आहे. पाहुण्यांची खोली रिकामीच असते. फॅमिलीला घेऊन जा. पैशाचं नाव काढू नका."

मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, "वासंती, ज्याचा दावा मी फेटाळला तो माणूस मला फुकट डोंगरात बोलावतोय. का?"

"चांगला असेल," वासंती म्हणाली.

हे उत्तर माझ्या अहवालात कधीच बसलेलं नाही.

शुक्रवार: भूगोल

फेब्रुवारीतला शुक्रवार, अर्धी सुट्टी. जुमेरा लेक टॉवर्सच्या पार्किंगमधून निघालो तेव्हा डिकीत चिवडा, बेसनाचे लाडू, तीन लोकरी शाली आणि दोन पंचे होते. पंच्यांवरून थोडी वादावादी झाली. मी कऱ्हाडजवळच्या खेड्यातला; आमच्याकडे पाहुणा पंचा नेतो आणि पाहुण्याला पंचा देतात. मागच्या दिवाळीला कऱ्हाडच्या बाजारातून मी लाल काठाचे दोन नवे पंचे आणले होते. एक माझ्यासाठी, एक माजिदच्या वडिलांसाठी.

"अरबाला पंचा?" वासंती म्हणाली. "लोक खजुराचे डबे नेतात."

"खजूर त्यांच्या दारात आहे. पंचा आहे का?"

"बाबा, प्लीज डोन्ट," सई मागच्या सीटवरून म्हणाली.

शारजा मागे पडलं, वाळू लाल झाली, मग वाळू संपून दगड सुरू झाले. हजरचे डोंगर हे डोंगर वाटतच नाहीत. कोणीतरी काम अर्धवट टाकून खडीचे ढीग तसेच सोडून गेल्यासारखे दिसतात. झाड नाही, गवत नाही. रस्त्यात दोन गाढवं उभी होती, ती हॉर्नला दाद देईनात. त्यांच्या मागून वळलो आणि एकदम खाली, दोन करड्या कड्यांच्या बेचक्यात, हिरवा पट्टा दिसला. खजुरीची झाडं, त्यांत लिंबं, आंबे, मेथीएवढ्या लसूणघासाचे तुकडे, आणि वर एका सुळक्यावर दगडी बुरूज.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

अबू माजिद फाटकात उभेच होते. 'अबू माजिद' म्हणजे माजिदचा बाप. इकडे थोरल्या माणसाला असंच हाक मारायची पद्धत. वय पंचाहत्तरच्या आसपास, पांढरी दाढी, पांढरा पायघोळ कंदुरा, पायांत रबरी चपला. हिंदी झकास. लहानपणी बापाबरोबर होडीने मुंबईला गेले होते, पुढे मुंबईच्याच एका खजूरवाल्याकडे दोन वर्षं राहिले.

"हमारा बचपन में इधर हिंदुस्तान का रुपया चलता था," ते म्हणाले. "तुम परदेसी नहीं है. यल्ला, अंदर आओ."

मी पंचा दिला. त्यांनी तो उलगडला, बोटांत चुरगाळला, नाकाशी नेला आणि तिथल्या तिथे डोक्याला गुंडाळला. मग तसेच मशिदीत गेले. येताना वाटेत भेटेल त्याला काठ दाखवत आले. मी वासंतीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहायचं टाळलं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी गाव दाखवलं, आणि मी माझं काम सुरू केलं. सर्व्हेअर सुट्टीवर असतो, त्याचा संशय नसतो.

पहिला संशय बुरुजावर. मी नखाने गिलावा खरवडून पाहिला. ताजा! "अबू माजिद, ये तो नया है."

"दो साल पहले रिपेयर किया," ते म्हणाले. "नीचे का पत्थर दादा के दादा का है. ऊपर का मट्टी हमारा है."

दुसरा संशय मधावर. त्यांनी बोराच्या फुलांचा काळपट मध काढला होता. अशीच बाटली दुबईत दोनशे दिरहमला, म्हणजे आपले जवळजवळ पावणेपाच हजार, मिळते आणि तिच्यात साखरेचा पाक असतो. मी पेल्यात पाणी घेऊन एक थेंब सोडला. थेंब न विरघळता तळाशी जाऊन बसला. म्हातारा शांतपणे बघत होता. "पास हुआ?" त्याने विचारलं.

तिसरा आणि मोठा संशय फलजवर. फलज म्हणजे डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नुसत्या उताराच्या जोरावर गावात आणणारा दगडी पाट. कमरेएवढा रुंद, घोट्याएवढं पाणी, काचेसारखं. या देशात फेब्रुवारीत, पाऊस नसताना, वाहतं पाणी? नक्कीच कुठेतरी पंप लपवलाय. मी पाटाला कान लावला. मग पाटाच्या कडेने वर वर चालत गेलो, पार कोरड्या नदीच्या पात्रात, जिथे दोन शिळांच्या फटीतून पाणी आपणहून बाहेर येत होतं. अर्धा तास शोधलं. वायर नाही, पाइप नाही.

परत आलो तर अबू माजिद खजुरीखाली बसलेले. "पंप मिला?"

"नहीं."

"हमको भी नहीं मिला. मिले तो बोलना, बहुत काम आएगा."

शुक्रवार संध्याकाळ: इतिहास

जेवायला हरीस होतं. गहू आणि मटण चुलीवर इतकं शिजवायचं की दोघांना आपापली ओळख उरत नाही. वासंती शाकाहारी, तिच्यासाठी अबू माजिदच्या बायकोने, उम माजिदने, मटणाआधीच गहू वेगळा काढून तुपात घोटला होता. फोनवर माजिदने कळवलं होतं म्हणे. हे मी लक्षात ठेवलं. दावा फेटाळलेला माणूस इतके तपशील कशाला कळवतो?

जेवणावर अबू माजिदांनी फलजचा कायदा सांगितला. गावातल्या प्रत्येक शेताला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी पाण्याची पाळी. पूर्वी वेळ सावलीवर मोजायचे. चौकात एक काठी रोवलेली आणि जमिनीत ओळीने दगड. सावली या दगडावरून त्या दगडावर गेली की पहिल्याने पाटाचं आपल्या शेताकडचं तोंड बुजवायचं, दुसऱ्याने आपलं उघडायचं. आता मोबाइल आहेत, पण काठी अजून उभी आहे. ज्याची पाळी असेल त्याने पाटाच्या भिंतीतला चिंधी गुंडाळलेला दगड काढून ठेवायचा. पाणी शेतात वळतं. चूक एवढ्या साध्या गोष्टीत काय होणार?

"हमारा भाई ओबेद," म्हातारा म्हणाला, "बारह साल हमसे बात नहीं किया. एक पत्थर का साया के लिए."

एका दगडाची सावली, म्हणजे अर्ध्या तासाचं पाणी. एका उन्हाळ्यात ओबेदच्या पाळीतलं अर्ध्या तासाचं पाणी अबू माजिदच्या शेतात आढळलं. त्यांनी घेतलं नव्हतं असं ते म्हणतात. घेतलं होतं असं ओबेद म्हणायचा. बारा वर्षं दोघं एकाच मशिदीत शेजारी उभे राहिले आणि सलाम मात्र तिसऱ्याच माणसाला केला. घरं समोरासमोर, मध्ये पाट.

हे आमच्या गावाला चपखल बसतं. आमच्याकडे पाटाच्या पाण्यावरून चुलत्याने चुलत्याच्या बैलांचे कासरे तोडलेले मी पाहिलेत. मी विचारलं, "फिर?"

"फिर हमारा बाप का खजूर."

त्यांच्या बापाने लावलेली एक खजुरी अबू माजिदच्या वाट्याला आली आहे. म्हातारं झाड, पण यंदा बुंध्याशी बारा पिलं फुटली. केळीला फुटतात तशी. म्हाताऱ्याने ती बाराही पिलं काढून, गाढवावर लादून, भावाच्या दारात नेऊन ठेवली. ओबेद बाहेर आला, पिलं मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाला, "कॉफी पीना है?" ही गोष्ट पंधरा दिवसांपूर्वीची. पिलं लावून झाली होती. पण पहिले काही आठवडे पाणी चुकलं की खजुरीचं पिलू हातचं जातं, असं ते म्हणाले, आणि ओबेदची पुढची पाळी उद्या सकाळी होती.

"बारह का बारह जीना चाहिए," म्हातारा म्हणाला. "एक मरेगा तो वो बोलेगा, भाई ने बीमार वाला दिया."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, बारा वर्षांचं वैर बारा रोपांनी मिटतं? यात काहीतरी पाणी मुरतंय.

शनिवार: मी पाणी वाचवतो

सकाळी सातला उठलो. खांद्यावर पंचा टाकला आणि पाटाच्या कडेने फिरायला निघालो. हवेत गारवा, कुठेतरी कोंबडा. पाटाच्या पाण्याने तोंड धुतलं. इतकं गोड पाणी चेहऱ्याला लागून किती वर्षं झाली होती कोण जाणे.

आणि मग मला ती गळती दिसली.

पाटाच्या भिंतीत हातभर भोक, आणि त्यातून पाणी भसाभस बाहेर. खाली शेत म्हणावं तर शेत नव्हतं. दगडगोट्यांची उघडी जमीन, त्यात कोणीतरी गोणपाटाची गाठोडी ओळीने टाकलेली. राडारोडा असणार. आजूबाजूला चिटपाखरू नाही. माझ्या डोळ्यांदेखत पाणी त्या कचऱ्यात मुरत होतं.

वाचकहो, मी पाण्याच्या पाळीसाठी मध्यान्हीचं ऊन डोक्यावर घेणाऱ्या बापाचा मुलगा आहे. वर पंचवीस वर्षं गळत्या शोधणारा माणूस. ठिबकणारा नळ दिसला की परक्याच्या घरातही उठून बंद करतो. मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाण्यात उतरलो. बाजूलाच चिंधी गुंडाळलेला एक दगड पडला होता, तो भोकात बसवला. बसेना; कडेने पाणी पाझरत राहिलं. अर्धवट काम मला चालत नाही. मी खांद्यावरचा पंचा काढला, घडी केली, दगडाभोवती ठासला, वरून चिखल थापला. पाझर थांबला. पाटातलं पाणी पुन्हा भरून शहाण्यासारखं खाली वाहू लागलं. मी दोन पावलं मागे सरून ते काम पाहिलं. एवढं सुबक काम माझ्या हातून मरीनातही झालं नव्हतं.

घरी आलो तर वासंती म्हणाली, "पंचा कुठाय?"

सुट्टीत लोकांची गटारं साफ करतो म्हणून ती मला बोलली असती. "वाऱ्याने उडाला," मी म्हणालो.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. खजुरीचं एक पातं हलत नव्हतं.

न्याहारीला बलालीत आलं. केशर घातलेल्या गोड शेवया आणि त्यांवर चक्क आम्लेट. आपल्या शेवयांच्या खिरीवर कोणी अंडं पांघरलं तर आपण पोलिसांत जाऊ. मी चमच्याच्या टोकाने संशयाने चाखून पाहिलं आणि तीनदा मागून घेतलं.

"बाबा, यू लाइक इट," सई म्हणाली.

"मी तपासतोय."

अकराच्या सुमारास अबू माजिदांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले. फोन ठेवला तेव्हा म्हातारा पाच मिनिटांत दहा वर्षांनी थकल्यासारखा दिसत होता.

"क्या हुआ?"

"ओबेद का पानी किसी ने बंद किया. सुबह खोलके वो हॉस्पिटल गया था, शुगर का चेकिंग. वापस आया तो सूखा. उसका टाइम खलास." ते थांबले. "और वो पानी सब नीचे आख़िरी खेत में आया है. हमारा."

पाण्याची चोरी! माझ्या अंगात वीज शिरली. आता तुम्हाला वाटेल, याला एवढंही कळलं नाही? नाही कळलं. माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टींची एकमेकींशी ओळखच नव्हती. मी बुजवली होती ती गळती, आणि गावात झाली होती ती चोरी. मी उठून उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि जाहीर केलं, "अबू माजिद, आप फिकर मत करो. पानी का चोर पकड़ना मेरा धंदा है."

मग मी तासभर जो तपास केला तो आठवला की अजून कान तापतात. शेतावरचा गडी जलाल, बांगलादेशातल्या सिल्हेटचा पन्नाशीचा सज्जन माणूस, त्याला मी विचारलं, "सुबह कहाँ था?" तो म्हणाला, "नाश्ता बना रहा था साब, तुम्हारा." मी त्याच्या चपलांचा चिखल पाहिला. शेजारच्या शेतातल्या शेळीकडेही एकदा रोखून पाहिलं. खुद्द अबू माजिदांवरही मी संशय घेतला, हे कबूल करतो. पाणी कोणाच्या शेतात गेलं, हा आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न. मला बोलावण्यामागे हाच डाव तर नसेल, एक भोळा साक्षीदार हाताशी असावा म्हणून?

शनिवार दुपार: वारसा

दुपारच्या नमाजानंतर ओबेद आला. भावापेक्षा बारीक, उंच, भुवया काळ्या. पाहुण्यांच्या बैठकीत गालिच्यावर तो आमच्या समोर बसला. मला वाटलं, आता ओरडेल. पण इकडची एक रीत आहे: भांडायला आलेल्या माणसालाही आधी कॉफी द्यायची आणि त्यानेही ती प्यायची. अबू माजिदांनी स्वतःच्या हाताने वेलदोड्याची फिकी कॉफी ओतली. ओबेदने एक कप घेतला, दुसरा घेतला, मग कप हलवला. म्हणजे पुरे. कप खाली ठेवला.

मग त्याने कंदुऱ्याच्या खिशातून एक ओला बोळा काढला आणि गालिच्यावर मधोमध टाकला.

तो हळूहळू उलगडला. चिखलाने माखलेला. लाल काठ.

त्या क्षणी त्या दोन गोष्टींनी माझ्या डोक्यात एकमेकींना ओळखलं. गोणपाटाची गाठोडी! राडारोडा नव्हता तो. कोवळ्या पिलांना ऊन लागू नये म्हणून गुंडाळलं होतं. बारा गाठोडी. मी मोजली नव्हती, पण आता मला ती एकेक दिसत होती.

ओबेद माझ्याकडे बघतही नव्हता. तो भावाकडे बघत होता. "ये कपड़ा कल तुम्हारा सर पे था," तो म्हणाला. "पूरा मस्जिद ने देखा. तुमने सबको दिखाया."

अबू माजिदांनी त्या पंच्याकडे पाहिलं. मग फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि मला कळलं की त्यांना कळलं.

त्यांचा स्वतःचा पंचा, कोरडा, स्वच्छ, त्यांच्याच मांडीआड घडी करून ठेवलेला होता. तो उचलून दाखवला असता की झालं; खटला तिथे संपत होता. म्हाताऱ्याने काय केलं असेल? डावा हात सावकाश खाली नेला, तो पंचा मुठीत घेतला आणि पाठीमागच्या उशीखाली सरकवला. मग भावाला म्हणाला, "अल्लाह करीम है. पानी फिर आएगा."

एवढंच. 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही.

बारा वर्षं जे आपण केलं नाही असं तो सांगत आला होता, त्याच आरोपापुढे तो आज गप्प बसला होता. कारण खरा अपराधी त्याचा पाहुणा होता. ओबेद उठायला लागला. मला दिसत होतं, हा उठून दारापर्यंत गेला की पाट पुन्हा बारा वर्षं ओलांडला जाणार नाही. आणि या खेपेला दोघांकडे बारा वर्षं आहेत की नाहीत, कोण जाणे.

पंचवीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, खरं बोला, सोपं असतं. अजिबात नसतं.

"ओबेद भाई," मी म्हणालो. "मैंने बंद किया. ये मेरा है."

ओबेद थांबला. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "तुम मेहमान है," तो म्हणाला. "अच्छा आदमी है. मेज़बान को बचाता है. मैं समझता."

माझा दावा फेटाळला गेला होता!

"नहीं, सच में! मुझे लगा लीकेज है!"

"लीकेज?" त्याच्या भुवया वर गेल्या. "इधर कोई पानी ऐसा छोड़ेगा? इधर? झूठ भी ठीक से बोलो, हबीबी."

मरीनातले ते सगळे गरीब बिचारे मला एका ओळीत दिसले, खरं बोलूनही ज्यांच्याकडे मी पुरावा मागितला होता. आता पुरावा मला हवा होता, स्वतःच्या गुन्ह्याचा. मी गुडघ्यांवर रांगत गालिचा पार केला. "अबू माजिद, माफ़ करो," म्हणालो आणि त्यांच्या पाठीमागची उशी ओढली.

दुसरा पंचा. कोरडा. लाल काठ.

मी दोन्ही शेजारी शेजारी मांडले. बैठकीच्या दारात वासंती येऊन उभी होती, मागे सई आणि उम माजिद. वासंतीने ओल्या पंच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाऱ्याने उडाला," ती म्हणाली.

"ओ माय गॉड, बाबा," सई म्हणाली.

ओबेदने दोन्ही पंचे हातात घेतले. काठ पाहिले, उलटसुलट केले, वास घेतला. मी खूप संशयी माणसं पाहिली आहेत, पण असा कसून तपासणारा नाही. मग तो भावाच्या पुढ्यात बसला आणि अरबीत एकच वाक्य बोलला. नंतर मी अबू माजिदांना त्याचा अर्थ विचारला. "वो बोला, बारह साल पहले भी तकिया का नीचे कुछ था क्या?"

"आप क्या बोले?"

"बोला, नहीं. तब भी नहीं था." म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवला. "आज पहली बार माना."

मी तिथल्या तिथे सांगितलं, टँकर मागवतो, आत्ता, फोन करतो. दोघा भावांनी एकाच वेळी माझ्याकडे असं पाहिलं की फोन आपोआप खिशात गेला. बापाच्या खजुरीला टँकरचं पाणी!

तोड अबू माजिदांनी काढली. त्यांची स्वतःची पाळी त्याच संध्याकाळी होती. ती ओबेदला. आणि ओबेदने अट घातली, "पानी ये देगा." म्हणजे मी.

ही शिक्षा आहे असं त्याला वाटलं. त्याला काय माहीत! मी चपला काढल्या, पँट वर केली, जलालच्या हातातलं फावडं घेतलं. आमच्याकडे याला दारं धरणं म्हणतात. एका वाफ्यात पाणी भरलं की मातीचा बांध फोडून पुढच्यात सोडायचं, मागचं तोंड मिटवायचं. पाण्याच्या आधी आपण पोचायचं. चाळीस वर्षांनी फावडं धरलं, पण हात विसरले नव्हते. पाणी पहिल्या गोणपाटापाशी आलं, आळ्यात फिरलं, फेस धरून मुरलं. मग दुसरं. कमरेतून कळ निघत होती, तळव्याला फोड आला होता आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

ओबेद माझ्यामागून चालत होता. प्रत्येक आळ्यापाशी वाकून बोट मातीत खुपसून ओल बघत होता. सातव्याला म्हणाला, "थोड़ा और." अकराव्याला म्हणाला, "तुम सर्वेयर नहीं है. तुम किसान है."

"दोनों," मी म्हणालो.

"फिर लीकेज कैसे लगा?"

मी घाईने बाराव्या आळ्याकडे वळलो.

परतल्यावर

रविवारी निघताना माझा ओला पंचा मी मागितला. ओबेदने दिला नाही. पुरावा आहे म्हणाला. गावाचं नाव सांगायचं नाही असंही त्याने मला बजावलं. तुमच्यासारखे अजून येतील, म्हणाला. मी शब्द दिला, तो पाळतो आहे.

सोमवारी माजिदला फोन करून आभार मानले आणि शेवटी न राहवून विचारलं, "तुझा दावा मी फेटाळला होता. तरी बोलावलंस?"

"सर," तो हसला, "मशीन माझंच गळत होतं. ते शोधणारे तुम्ही पहिले. मला वाटलं, बाबांना अशा माणसाशी बोलायला मजा येईल."

सईने बारा पानांची फाइल काही फेकली नाही. भूगोल, इतिहास, वारसा ही शीर्षकं तशीच ठेवली, खालचा मजकूर आणि फोटो बदलले. वारशाखाली दोन पंचे आहेत, गालिच्यावर शेजारी शेजारी. भट्टीच्या वारावरून भांडणारं ते फ्रेंच खेडंही मला आता परकं वाटत नाही. तिथेही कोणी पाहुण्याने परक्या वारी उत्साहाने भट्टी पेटवून दिली असेल, अशी मला दाट शंका आहे.

आणि व्हिसाची तारीख मिळाली. आपणहून, उन्हाळा सरता सरता, एका दुपारी. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा.

त्याच सुमारास अबू माजिदांचा आवाजी निरोप आला. ओबेद माझा पंचा प्रत्येक पाळीला वापरतो म्हणे. पाळी संपली की दगडाला तोच गुंडाळून तोंड बुजवतो. "बोलता है, कपड़ा एक नंबर. एक बूँद नहीं निकलता." मागे कोणीतरी अरबीत ओरडलं. "और बोलता है, बारह का बारह ज़िंदा है. नया पत्ता आया."

मी तो निरोप तीनदा ऐकला. बाराच्या बारा? एवढ्या उन्हाळ्यानंतर, एक पाळी चुकूनही? मला हे पटत नाही. पंचवीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, असल्या बाबतीत लोकांच्या सांगण्यावर जायचं नसतं. जागेवर जाऊन मोजायचं असतं.

व्हिसाची तारीख मी रद्द केली आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही डोंगरात असू. डिकीत दोन नवे पंचे आहेत. त्यांतला एक ओबेदसाठी, आणि दुसऱ्यावर वासंतीने कोपऱ्यात माझं नाव शिवलं आहे.